कोयत्यासाठी पोरीचं लगीन नको

साथींनो, दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, अन् कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणून 15-16 वर्षांच्या पोरीचं लगीन उरकतात. मग डोक्यावर मोळी, पोटात पोर.

2006 च्या वनहक्क कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. त्याच सालच्या बालविवाहाच्या कायद्यात पोरीला 18, पोराला 21 लिहिलंय. पहिला आपला, दुसरा सरकारचा, असं कसं?

आमचं म्हणणं, हे काम गावातल्या तरुण पोरापोरींनी हातात घ्यावं. उचल घ्यायच्या आधी घरोघर जावं. जाणती माणसं म्हणतील, पोरं आम्हाला शिकवणार का? दाव्याची जीपीएस मोजणी पोरांनीच केली, तेव्हा कोणी असं विचारलं नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय पहिला घ्या. तरी कोणी ऐकत नसेल तर ग्रामसेवकाला कळवा, नाहीतर 1098 लावा.