गालिच्याची पाठ

दिवाळीला बैठकीत गालिचा हवाच, असा आमच्या हिचा हुकूम सुटला. दुकानदाराने भदोहीचा म्हणून जो पसरला, तो फारच देखणा. मी पाकिटाला हात घालणार, तोच हिने तो उलटा केला. पाठीला कापड डकवलेले!

‘‘हा गाठींचा नव्हे,’’ ही म्हणाली. खरेच होते. गाठींच्या गालिच्यात विणकर ताण्याच्या धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ मारतो, म्हणून पाठीवरही तीच नक्षी दिसते. हा दुसरा हातातल्या यंत्राने कापडात लोकर टोचून, मागे रबराचा चीक लावून केलेला. काम दिवसांचे, किंमत मात्र महिन्यांची!

दुकानदाराने निमूटपणे दुसरा काढला. ‘‘गाठी पाहा, बाई! इतक्या बारीक लहान पोरांच्या बोटांनाच जमतात.’’

शेजारी आमची दहा वर्षांची धाकटी उभी होती. मोठ्यांची बोटेही तितकीच बारीक गाठ मारतात, हे त्याला कोण सांगणार? पोरांना न राबवता विणलेल्या गालिच्यांना खुणेची चिठ्ठी लावण्याची चाल कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने 1994 साली निघाली. आज ती ‘गुडवीव्ह’ नावाने चालते. तसली चिठ्ठी मागितली, तेव्हा गृहस्थ छताकडे पाहू लागले.

यंदा पाडव्याला बैठकीत जुनी सतरंजीच आहे. पाहुण्यांनी पाय पसरून बसावे.