शेवटचा हप्ता थंडीनंतर

इथे ब्रिटनमध्ये आमच्या मंडळातल्या एका काकूंच्या घराला बाहेरून फुकट इन्सुलेशन लागलं, तेव्हा काकूंनी नशीब काढलं असं आम्ही सगळेच म्हणालो. दुसऱ्या हिवाळ्यात देवघरामागच्या भिंतीवर काळी बुरशी चढली. नवा थर लावताना हवेची जाळीही बुजवली गेली होती. कुकरची वाफ आणि घरात वाळणाऱ्या कपड्यांची ओल जाणार कुठे? काकू दर रविवारी ब्लीचने भिंत पुसतात. कंत्राटदाराचा फोन लागत नाही.

असं भोगणाऱ्या काकू एकट्या नाहीत. ईसीओ-४ आणि ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन या दोन सरकारी योजनांतून ज्या घरांना बाहेरून इन्सुलेशन झालं, त्यांतल्या ९८ टक्के, म्हणजे २२ ते २३ हजार घरांत दुरुस्ती लागेल असे मोठे दोष आहेत, असा अंदाज सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला.

‘फुकट’ हा शब्दही फसवा आहे. ईसीओची सक्ती वीज-गॅस कंपन्यांवर होती, पण खर्च आपल्या सगळ्यांच्या बिलात यायचा. काम कंपनीकडून कंत्राटदाराकडे, तिथून पोटकंत्राटदाराकडे जायचं. भिंतीला हात लावून बघायची जबाबदारी इतक्या जणांत वाटली गेली, की ती कोणाचीच उरली नाही.

नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्‌ज यांनी ईसीओ गुंडाळायचं जाहीर केलं. बिल उतरावं हे कोणाला नको आहे? बिलाऐवजी करातून पैसा आला तर भार ऐपतीप्रमाणे पडतो, हेही योग्यच. पण तेवढ्याने काम सुधारत नाही. २०२० ची ग्रीन होम्स ग्रँट ही योजना सरकारी तिजोरीतूनच चालली होती. ६ लाख घरांचं बोलून ती ५० हजारांच्या आतच आटोपली. आता सरकारच्या ‘वॉर्म होम्स प्लॅन’मध्ये १५ अब्ज पौंडांची भाषा आहे, म्हणून आत्ताच बोलायला हवं.

कोकणात आजोबा शाकारणीचे शेवटचे पैसे पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावरच देत. इथेही कामाच्या रकमेचा दहावा हिस्सा कौन्सिलने हिवाळाभर राखून ठेवावा. मार्चमध्ये कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या तपासनीसाने ओल मोजावी, जाळ्या बघाव्यात, घरच्यांना विचारावं आणि मगच हप्ता सोडावा. छोट्या कंत्राटदारांचे पैसे अडकतील हे खरं, म्हणूनच मागणी दहाव्या हिश्श्याची आहे, निम्म्याची नाही.

आजोबांचा गडी यावर कधी रुसला नाही. पहिली सर ओसरली की तोच ओटीवर येऊन, मान वर करून आढ्याकडे बघत उभा राहायचा.