काळारामचं उत्तर एका पत्रात आहे

काळाराम सत्याग्रहाचा विषय निघाला की समोरून ठरलेला प्रश्न येतो: बाबासाहेबांना देव नको होता, तर मंदिरासाठी लढले कशाला? आपली पोरं इथं आवाज चढवतात. गरज नाही. उत्तर खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय, तेही एका सहकारी मित्राला धाडलेल्या पत्रात.

२ मार्च १९३० ला सुरू झालेला हा सत्याग्रह नाशकात प्रत्यक्ष रेटला भाऊराव गायकवाडांनी, म्हणजे आपल्या दादासाहेबांनी. १९३४ च्या रामनवमीआधी त्यांनी पत्रानं विचारलं, यंदा सत्याग्रह करायचा का? ३ मार्च १९३४ च्या उत्तरात बाबासाहेब स्पष्ट सांगतात: नुसता तहकूब नको, कायमचा थांबवा. आपली माणसं मूर्तिपूजक व्हावीत म्हणून हा लढा नव्हताच. त्यांच्यात चेतना यावी, आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता. ते काम झालं, आता ताकद राजकारण आणि शिक्षणाकडे लावा. पुढच्याच वर्षी येवल्याची घोषणा झाली.

मला यात दादासाहेबांचा प्रश्नही उत्तराइतकाच मोठा वाटतो. चार वर्षं ज्यानं लढा अंगावर घेतला, त्याला 'थांबवा' ऐकणं सोपं नसतं. पण ते रुसले नाहीत, वेगळा गट काढला नाही. (आपल्याकडे तालुका अध्यक्षपदावरून दोन जयंती मंडळं होतात!) ही साथ १९५६ पर्यंत टिकली. पुढे १९५९ ला याच माणसानं भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तो मराठवाड्यातही झाला. आपल्या भागातल्या गायरानाच्या लढ्याचं मूळ तिथं आहे.

आणि ही पत्रं आज वाचता येतात, कारण घेणाऱ्यानं ती जपली. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना. त्यांच्यातल्या क्वेकर मंडळींचा पत्रव्यवहार तिकडच्या ग्रंथालयांत जपलेला आहे. आपला पत्र्याच्या पेटीत वाळवी खाते.

कंधार, लोहा, मुखेडच्या पोरांनो, नामांतरात तुरुंगात गेलेली माणसं आता सत्तरीपुढची आहेत. त्यांच्या पेट्यांत पोस्टकार्डं आहेत, पावत्या आहेत, पत्रकं आहेत. मोबाईल सगळ्यांकडे आहे. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, तारीख आणि कुणी कुणाला लिहिलं ते नोंदवा, आणि मूळ कागद त्यांच्याच घरी ठेवा.