पेटीतून गावात गेलेले ग्रंथालय

१९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी दिवाळीला वाचनाची जोड मिळाली. पुढच्याच वर्षी महाराज सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना संस्थानात ग्रंथालये उभारण्यासाठी बडोद्यास बोलावून घेतले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण आज असंख्य घरांत दिवाळी अंक पोहोचतात ते गल्लीतल्या वाचनालयाची वर्गणी भरून. म्हणून यंदा आरंभीच बडोद्याचे स्मरण.

बडोदा संस्थानात १९०६ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू झाले होते. शाळा सुटल्यावर मूल अक्षरे विसरले तर सगळा खटाटोप वाया जाणार, हे महाराजांनी ओळखले. त्यांनी स्वतःच्या संग्रहातील सुमारे २०,००० पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. तिथे बायकांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र दालने झाली.

पण पुस्तके शहरात आणि वाचक खेड्यात! यावर तोडगा निघाला तो लाकडी पेटीचा. निवडक पुस्तके भरून ही पेटी गावोगाव जाई. तिथे पुस्तके वाचून झाली की पेटी परत येई. वाहतुकीचा खर्च संस्थान उचले. एखाद्या गावाला कायमचे वाचनालय हवे असेल, तर गावाने वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी जादूच्या कंदिलाचे, म्हणजे पडद्यावर चित्रे दाखवण्याचे, खेळ होत.

याहून मोलाची गोष्ट १९१२ सालची. ग्रंथालयाने ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक सुरू केले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. आपल्याकडे काय चालले आहे हे लोकांना त्यांच्याच भाषेत सांगणे हेही ग्रंथालयाचेच काम, असे बडोद्याने मानले.

ती पेटी इतिहासजमा झालेली नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या, २००९ साली सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने मराठी पुस्तकांच्या पेट्या परदेशातल्या वाचकांपर्यंतही नेल्या. २०१७ साली महाबळेश्वर तालुक्यातील भिलारच्या घराघरांत पुस्तके मांडली गेली आणि ते ‘पुस्तकांचं गाव’ झाले.

महाराष्ट्रात १९६७चा ग्रंथालय कायदा आहे, अनुदान आहे, हजारो वाचनालये आहेत. तरी अनेक ठिकाणी नवी पुस्तके आल्याचे सभासदालाच कळत नाही आणि ती कपाटात तशीच पडून राहतात. दर महिन्याला नव्या पुस्तकांची यादी, त्यातल्या एखाद्याविषयी ग्रंथपालाने मनापासून लिहिलेल्या दहा ओळी, एवढे तरी प्रत्येक सभासदाच्या मोबाइलवर जायला हवे. त्याला फारसा पैसा लागत नाही.

आणि वाचकहो, हा अंक वाचून झाला की जवळच्या वाचनालयात जा, वर्गणी भरा. जाताना शेजारच्या एखाद्या शाळकरी मुलालाही सोबत न्या.