यमक कानाने जुळते, डोळ्याने नव्हे

सांगतो ते अनेकांना रुचणार नाही, तरी सांगतो. आपल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून 'राइमिंग वर्ड्स' या नावाखाली जे शिकवले जाते, त्याचा यमकाशी फारसा संबंध उरलेला नाही. तो स्पेलिंगच्या शेपट्या ओळखण्याचा खेळ झाला आहे. शेवटची तीन अक्षरे सारखी दिसली की बरोबर, नाही दिसली की लाल फुली. कान नावाचे इंद्रिय या धंद्यातून कधीच हद्दपार झाले.

हे मी हवेत बोलत नाही. मध्यंतरी सुरत जिल्ह्यातल्या पलसाण्याला नात्यातल्या एका कुटुंबाकडे चार दिवस राहिलो होतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव. आजूबाजूला डाइंग-प्रिंटिंगच्या मिल. कामगार ओडिशाचे, उत्तर प्रदेशाचे, बिहारचे आणि आपल्या खानदेशातले. धुळ्याहून नवापूर, व्यारा, बारडोली करीत इथवर सरळ रस्ता येतो, त्यामुळे अहिराणी इथे परकी नाही. त्या घरात आजी अहिराणी बोलते, आई-वडील मराठी, शेजार गुजराती, मिलमध्ये हिंदी आणि दुसरीतली मुलगी शाळेत इंग्रजी. पाच भाषा कानावर घेऊन वाढणारे पोर! एवढा तयार कान कुठल्या महागड्या शाळेत विकत मिळेल?

तर या मुलीच्या वहीत दोन फुल्या होत्या. 'वर्ड'शी जुळणारा शब्द तिने 'बर्ड' लिहिला होता. फुली. बाईंना हवा होता 'स्वोर्ड', म्हणजे तलवार, कारण त्याच्या शेवटी डब्ल्यू-ओ-आर-डी ही चारही अक्षरे जशीच्या तशी आहेत. 'कम'शी जुळणारा शब्द तिने 'गम' लिहिला. फुली. बाईंना हवा होता 'होम'. आता कुठलाही इंग्रजी शब्दकोश उघडून उच्चार पाहा. तलवारीच्या त्या शब्दातला डब्ल्यू उच्चारतच नाहीत, तो 'सोर्ड' आहे आणि 'वर्ड'शी त्याचे काही जुळत नाही. 'कम' आणि 'होम'चेही तेच. म्हणजे मुलगी दोन्ही वेळा बरोबर आणि उत्तरपत्रिका दोन्ही वेळा चूक. कधी शाळेची पायरी न चढलेल्या आजीला मी चारही शब्द नुसते म्हणून दाखवले. ती म्हणाली, "पोरनं बराबर शे." ज्याला स्पेलिंग येत नाही त्याला स्पेलिंग फसवूही शकत नाही, मित्रहो!

मुळात इंग्रजीत हा घोळ का झाला ते पाहू. कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला १४७६ साली. छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू गोठत गेले. पण नेमक्या त्याच शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर जागा बदलत होते. स्पेलिंग एका जागी खिळले, उच्चार पुढे निघून गेला. म्हणून ओ-यू-जी-एच ही एकच शेपटी 'टफ'मध्ये एक बोलते, 'कॉफ'मध्ये दुसरे, 'दो'मध्ये तिसरे आणि 'थ्रू'मध्ये चौथे. दिसायला चार सख्खे भाऊ, ऐकायला एकमेकांचे कुणी नाहीत. उलट 'बर्ड', 'वर्ड', 'हर्ड' आणि 'कर्ड' ही चार वेगवेगळी स्पेलिंगे, पण कानाला एकच. इंग्रज कवींच्या जुन्या कवितांत 'लव्ह' आणि 'प्रूव्ह' अशा जोड्या सापडतात. त्यांतल्या काही त्या काळी खरोखर जुळतही असाव्यात. आज त्यांना इंग्रजीतच 'डोळ्याचे यमक' म्हणतात, म्हणजे खऱ्या यमकापासून त्यांना वेगळे काढतात. इंग्रजीचा नियम स्वच्छ आहे : शेवटच्या आघातयुक्त स्वरापासून पुढचा सगळा ध्वनी सारखा हवा आणि त्या स्वराच्या आधीचे व्यंजन वेगळे हवे. म्हणून 'नेशन'ला 'स्टेशन' चालते, 'फॅशन' चालत नाही. या नियमात अक्षरांचा उल्लेखच नाही, आहे तो ध्वनीचा.

आणि आपण? आपल्याला कोणी यमक शिकवायचे? ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड व मोकळा. मोठ्या अभंगात दुसरा आणि तिसरा चरण जुळतो. वामन पंडितांना लोक 'यमक्या वामन' म्हणत. मोरोपंतांच्या आर्या तर यमकांची खाणच. हे सगळे वाङ्मय वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांनी जास्त जगवले. खानदेशातच बघा ना, जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी उतरवून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. यमक कुठे चुकले? वही-पेन्सिलीशिवाय, जात्यावर आणि शेतात जुळलेले ते यमक आहे. त्याच मुलखातून पलसाण्याला गेलेल्या घरातल्या पोरीला आपण सांगतो की तुझा कान चुकीचा, स्पेलिंग बघ!

आणि ज्या सुरत जिल्ह्यात हे चालले आहे ती सुरत कवी नर्मदची. १८३३ चा जन्म. गुजरातीत पिंगळशास्त्रावर 'पिंगळप्रवेश' लिहिणारा आणि 'नर्मकोश' रचणारा हा माणूस. मराठीत छंदांचे शास्त्र मांडणारे 'छंदोरचना'कार माधव जूलियन जन्मले बडोद्याला. छंद आणि यमक यांचा एवढा वारसा उशाशी असताना आपण दुसरीच्या पोराला चुकीची जोडी घोकायला लावतो.

आता उत्तरपक्ष ऐकतो. पहिला आक्षेप : 'कॅट, बॅट, हॅट' अशी कुटुंबे शिकवली की वाचन सोपे होते. मान्य. तिथे स्पेलिंग आणि उच्चार एका रांगेत आहेत, तेव्हा खुशाल शिकवा. पण ते वाचनाचे साधन आहे, यमकाची व्याख्या नव्हे. याच पद्धतीने पुढे 'मंकी'शी 'डाँकी' जुळवला जातो आणि कुणाला खटकत नाही. शिवाय वाचनाचेच म्हणाल तर ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवले की लहानपणी यमक ऐकून ओळखण्याची क्षमता आणि पुढचे वाचन यांचा संबंध आहे. ऐकून! म्हणजे कान मारून वाचन सुधारण्याचा हा उद्योग मुळातच उलटा आहे.

दुसरा आक्षेप आमच्या भाषाप्रेमी मित्रांचा : इंग्रजी यमकांची उठाठेव हवीच कशाला? मला हे पटत नाही. गोव्यात २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्यावरून केवढे रण माजले ते आपण पाहिले. महाराष्ट्राने २००० सालीच पहिलीपासून इंग्रजी आणले. इंग्रजी आली आहे आणि ती राहणार. प्रश्न आहे तो आपण ती आपल्या कानाने शिकणार की गुलामासारखी डोळ्याने.

उपाय फार सोपा आहे. इंग्रजी शब्द आधी म्हणून घ्या आणि मग देवनागरीत लिहून पाहा. 'वर्ड' आणि 'बर्ड' लिहिलेत की यमक समोर येते, 'कम' आणि 'होम' लिहिलेत की ते तुटते. पण देवनागरीलाही देव्हाऱ्यात बसवू नका. 'सेड' आणि 'पेड' आपण सारख्याच मात्रेने लिहितो, इंग्रजीत मात्र ते जुळत नाहीत, पहिला 'बेड'चा सोबती आहे. म्हणजे शेवटचा निवाडा कानाचाच. दोन शब्द मोठ्याने म्हणायचे आणि ऐकायचे. याला ना पुस्तक लागते ना पैसा.

शिक्षकांवर माझा राग नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात उत्तरपत्रिका समोर ठेवून तपासणाऱ्या बाईंना कुणी हे शिकवलेलेच नसते. राग आहे तो ती उत्तरपत्रिका छापणाऱ्यांवर आणि फुली पाहून मुलांनाच दटावणाऱ्या आपल्यासारख्या पालकांवर. तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या वहीत अशी फुली दिसली, तर रागवण्याआधी तेवढे दोन शब्द मुलाला मोठ्याने म्हणायला सांगा. जुळत असतील तर वही घेऊन शाळेत जा आणि त्याचा गुण मागून घ्या. एका गुणाने काही बिघडत नाही हे खरे, पण आपल्या कानावर विश्वास ठेवू नये हे सातव्या वर्षी शिकलेले पोर पुढे कुठलीच भाषा ऐकत नाही. आपलीही नाही.