घडणीची तपासणी
रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुराच्या घडणीचे सूत्र. गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात त्याचा पाया घातला. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये ते संगणकावरील मजकूर शोधण्यासाठी वापरण्याची रीत मांडली. पोस्टग्रेस्क्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये हे सूत्र ‘चेक’ बंधन म्हणून लावले, की चुकीच्या घडणीची नोंद आत शिरतच नाही. मग ती अर्जातून आलेली असो वा फाइलमधून. बँकेच्या आयएफएससी कोडचे सूत्र असे : आधी चार इंग्रजी अक्षरे, पाचव्या जागी शून्य, पुढे सहा अक्षरे किंवा अंक. सूत्राच्या दोन्ही टोकांना आरंभ आणि शेवट दाखवणाऱ्या खुणा हव्यातच. त्या नसल्या तर लांबलचक मजकुरात कुठेतरी ही ११ चिन्हे सापडली तरी नोंद ग्राह्य ठरते. नोंद नाकारताना अपेक्षित घडण वापरणाऱ्याला स्पष्ट सांगावी. मात्र सूत्र केवळ घडण पाहते, खरेपणा नाही. आधार क्रमांकाचे १२ अंक मोजणे त्याला जमते. पण शेवटचा पडताळा अंक व्हरहॉफ पद्धतीने काढलेला असतो आणि तो स्वतंत्र आकडेमोड करूनच तपासावा लागतो.