सव्वा लाखाचा समुद्र, चाळीस फुटांची पासोडी

बीड जिल्ह्यात पाण्याची ओरड नवी नाही. याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या नावावर मात्र मराठीतले दोन समुद्र लागतात: मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' आणि दासोपंतांचा 'गीतार्णव'. (विदर्भातल्या अंभोऱ्याचाही 'विवेकसिंधु'वर दावा आहे, तो वाद अभ्यासकांनी खुशाल चालू ठेवावा.) पहिला समुद्र १६७१ ओव्यांत आटोपतो. दुसरा सव्वा लाख ओव्यांचा सांगतात.

दासोपंतांचा जन्म १५५१ चा, नारायणपेठचा. पुढे ते अंबाजोगाईत स्थिरावले आणि शके १५३७ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांना लिहायला रोज ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. तिच्यातली अतिशयोक्ती वजा केली तरी माणूस किती लिहीत होता, ते कळतेच. गीतेतला एकही पदर उलगडायचा राहू नये, एवढी मोठी ही 'गीतार्णवा'मागची हौस.

झाले काय? सप्ताहाचा हिशेब मांडून पाहावा. बीडकरांना तो समजावून सांगावा लागत नाही. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात, म्हणून सात दिवसांत पारायण होते. त्याच गतीने 'गीतार्णव' वाचायला बसले तर चौदा सप्ताह लागतील. म्हणजे तीन महिन्यांहून जास्त. इतके दिवस वीणा खाली न ठेवणारे गाव कुठून आणायचे? शिवाय तो काळ हस्तलिखितांचा. 'गीतार्णवा'ची एक नक्कल करायला जेवढा कागद आणि जेवढे बोरू लागणार, तेवढ्यात ज्ञानेश्वरीच्या तेरा-चौदा प्रती होतात. लेखनिकाने काय निवडले असेल, ते उघड आहे. ज्ञानेश्वरी घरोघर पोचली, 'गीतार्णव' पोचला नाही. यात दोष भक्तीचा नाही, प्रतिभेचाही नाही. पसारा वाचणाऱ्याच्या आवाक्याबाहेर गेला, एवढेच. गंमत म्हणजे याच दासोपंतांनी गीतेवर आणखी एक टीका लिहिली, 'गीतार्थबोधचंद्रिका'. ती आकाराने ज्ञानेश्वरीच्या जवळपास जाणारी. म्हणजे आटोपशीर लिहिणे त्यांना जमत नव्हते, असेही म्हणता येत नाही.

आज दासोपंतांचे नाव काढले की लोकांना आठवते ती पासोडी.

पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे कापड, गरिबाचे पांघरूण. तसल्या कापडाचा सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पट्टा दासोपंतांनी घेतला आणि त्यावर पंचीकरण लिहिले. पंचमहाभूतांतून देह कसा घडतो, हा वेदान्तातला किचकट विषय. ओव्या सोळाशेच्या आसपास, आणि त्यांच्या जोडीला आकृत्या. पोथीत हाच विषय पानापानांत तुटतो. मागचे पान उलटले की मागची आकृती गेली. कापड उलगडले की सगळी मांडणी एकदम नजरेसमोर. कशातून काय निघाले, ते बोट ठेवून दाखवता येते. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्याची ही कल्पना चारशे वर्षांपूर्वीची! लेखकाने इथे विषय बघून साधन निवडले, आणि म्हणूनच पासोडी टिकली असे वाटते.

तरी पासोडीचेही नाव जितके झाले तितके तिला वाचणारे झाले नाहीत. दासोपंतांच्या वंशजांनी ती जिवापाड सांभाळली. कापड जुने, शाई जुनी. रोज उलगडून दाखवण्याजोगी ती वस्तूच नाही. पण जी रचना उलगडून दाखवण्यासाठीच केली, ती घडी घालून जपावी लागते, यासारखी अडचण नाही. यावर उपाय फार खर्चाचा नाही. मूळ पासोडी आहे तिथेच सुरक्षित राहावी. तिची त्याच मापाची, अक्षर न् अक्षर लागेल अशी प्रत कापडावर छापून घ्यावी आणि खाली आजच्या मराठीत चार ओळींचे अर्थ द्यावेत. अंबाजोगाईतल्या एखाद्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात चाळीस फूट भिंत सहज निघेल.